मेडल आलं नाही की नोंदच नाही? सोलापूरच्या माजी सैनिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सैन्यात क्लार्क होतो. म्हणजे ज्यांच्या हातून तुमचं मेडल सुटलं, त्याच जमातीतला. चोवीस वर्षं युनिटच्या ऑफिसात बसून लोकांच्या सुट्ट्या, बढत्या, लग्नं, बाळंतपणं आणि मेडल्स कागदावर चढवली. निवृत्तीनंतर सोलापुरात घर केलं आणि आसपासचे फौजी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून येऊ लागले. कॅन्टीनच्या रांगेत विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, एकाने तर गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या तिकिटासाठी उभा असताना गाठलं. जानेवारीत गर्दी जास्त. २६ जानेवारीसाठी कोट बाहेर निघतो, त्यावर मेडलची पट्टी लावली जाते आणि शेजारी उभ्या असलेल्या दोस्ताची पट्टी आपल्यापेक्षा दोन बोटं लांब दिसते.

तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ही भूदलातल्या जवान आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आहेत. अधिकारी, नौदल आणि हवाई दल यांचे रस्ते वेगळे आहेत.

माझ्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे घरी येताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकात, एक मेडल लिहिलेलं नाही. आता ते मिळणारच नाही का?

आधी दुखणं कोणतं ते ठरवू. पहिलं दुखणं: मेडलची नोंद झालेली आहे, फक्त वस्तू हातात आलेली नाही. दुसरं: तुमचा हक्क होता, पण नोंदच झाली नाही. तिसरं: हक्कच नव्हता, पण तो होता असं इतकी वर्षं वाटत राहिलं. येणाऱ्या माणसाला तिन्ही सारखीच दिसतात, कारण तिन्हींत पेटीत मेडल नसतं. औषध मात्र प्रत्येकाचं वेगळं. पहिल्यात नुसती मागणी करायची. दुसऱ्यात पुरावा द्यायचा. तिसऱ्यात पोस्टाचा खर्च वाचवायचा.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: मेडल मागू नका, आधी आपली नोंद मागा.

मला कोणकोणती मेडल्स मिळायला हवी होती, हे कसं कळणार?

एक कोरा कागद घ्या. डावीकडे आपल्या पोस्टिंगा तारखांसकट लिहा: कुठल्या युनिटबरोबर, कुठे, कधीपासून कधीपर्यंत. डोक्यात असेल तेवढं घरी बसून लिहा, बाकीचं डिस्चार्ज बुकातून भरा. मग एकेका मेडलची अट त्याला लावून बघा.

सगळ्यात सोपी मेडल्स म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्धापनाची. पंचवीस वर्षांचं, पन्नास वर्षांचं आणि पंचाहत्तर वर्षांचं. १५ ऑगस्ट १९७२, १५ ऑगस्ट १९९७ किंवा १५ ऑगस्ट २०२२ या दिवशी तुम्ही नोकरीत होता का, एवढाच प्रश्न. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त हीच सुटतात. १९९७ च्या ऑगस्टअखेर घरी आलेला माणूस घ्या. हक्क १५ तारखेलाच तयार झाला, पण मेडल छापून, वाटून युनिटमध्ये पोचेपर्यंत हा माणूस मोहोळच्या शेतात ज्वारीला पाणी देत होता. युनिटने नोंद केली ती हजर असलेल्यांची. अशी माणसं सोलापूर जिल्ह्यात मला एकाहून जास्त भेटली आहेत.

सेवेच्या वर्षांची मेडल्स तीन: नऊ, वीस आणि तीस वर्षांची. इथे नुसती वर्षं मोजून भागत नाही, वर्तणुकीच्या नोंदीही बघतात.

मग लढायांची. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वेला लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेला लढलेल्यांना पश्चिमी स्टार, आणि ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात ठरवून दिलेल्या सीमावर्ती राज्यांत सेवा केलेल्यांना संग्राम मेडल. स्टार आणि संग्राम दोन्ही असणारे पुष्कळ आहेत, एक मिळालं म्हणून दुसरं जात नाही. कारगिलच्या वेळी प्रत्यक्ष लढाईच्या टापूत असलेल्यांना ऑप विजय स्टार, आणि इतरत्र तैनात झालेल्यांना ऑप विजय मेडल. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर महिनोन्‌महिने सीमेवर बसवलं, त्याचं ऑप पराक्रम मेडल.

उरली ती जागेची मेडल्स, आणि घोळ इथेच सगळ्यात मोठा. सैन्य सेवा मेडल १९६० पासूनचं आहे. जम्मू काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल), हिमालय, बंगाल आसाम, अंदमान निकोबार, मरुस्थल असे त्याचे क्लास्प, म्हणजे रिबनवर बसणाऱ्या धातूच्या पट्ट्या. उच्च तुंगता मेडल ९,००० फुटांच्या वरच्या सेवेसाठी. सियाचिन ग्लेशियर मेडलचा हिशोब १३ एप्रिल १९८४ पासून सुरू होतो, मेघदूत मोहीम उघडली तो दिवस. श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर गेलेल्यांना विशेष सेवा मेडल, श्रीलंका क्लास्पसह.

इथे एक सावधगिरी. विशेष सेवा मेडल वेगळं आणि विशिष्ट सेवा मेडल वेगळं. दुसरं राष्ट्रपतींकडून मिळणारा सन्मान आहे, नावापुढे व्हीएसएम लागतं ते. अर्जात विशेषच्या जागी विशिष्ट लिहिलं की समोरचा क्लार्क आधी हसतो, मग कागद बाजूला ठेवतो. मीही हसलो आहे, आता लाज वाटते.

काश्मीरला दोनदा गेलो, मेडल एकच. दुसरं कुठे आहे?

कुठेच नाही. एका प्रकारचं मेडल एकदाच मिळतं. वेगळ्या भागात किंवा वेगळ्या मोहिमेत गेलात तर त्याच रिबनवर आणखी एक क्लास्प चढतो. त्याच भागात पुन्हा गेलात तर तेही नाही.

आम्ही दोघे एकाच दिवशी भरती झालो. त्याला मिळालं, मला का नाही?

भरती एका दिवशी झाली, पोस्टिंग एक नव्हती. कंपनी एक असली तरी तुम्ही त्या वेळी कोर्सला, हॉस्पिटलात किंवा दुसऱ्या युनिटबरोबर अ‍ॅटॅचमेंटवर असाल. दोस्ताच्या पट्टीशी तुलना करू नका, वरच्या कागदाशी करा.

नोंद सुटते कशी? एवढी शिस्त असताना?

हा प्रश्न ज्याने विचारला त्यांना मी चहा पाजला, कारण ते थोडे चिडलेले होते आणि उत्तर लांब होतं.

तुमच्या नोकरीत घडलेली प्रत्येक गोष्ट कायम होते ती पार्ट टू ऑर्डरने. युनिटचा क्लार्क ती तयार करतो, अधिकारी सही करतो, एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते, आणि तिथला माणूस ती तुमच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रावर, चढवतो. पगाराशी संबंध असेल तर एक प्रत पे ऑफिसला. तुमच्या हातातलं डिस्चार्ज बुक हे त्या शीट रोलचं पोर. शीट रोलवर नसेल तर पुस्तकात येणार नाही, आणि पार्ट टू ऑर्डर निघाली नसेल तर शीट रोलवर येणार नाही.

आता माझा काळ डोळ्यांपुढे आणा. बंकरमधलं ऑफिस, बोटं गारठलेली, टाइपरायटरच्या फितीला शाई नाही, खाली तीन कार्बन. चौथ्या प्रतीवर काय उमटायचं ते देवाला ठाऊक. मी एकदा एका शिपायाच्या आर्मी नंबरात ४ च्या जागी ९ मारला. पार्ट टू ऑर्डर निघाली, सही झाली, गेली. तो नंबर रेकॉर्डमध्ये भलत्याच माणसाचा निघाला. अकरा महिन्यांनी कागद परत आला, तोवर तो शिपाई बदलून गेला होता. पुढे कॉम्प्युटर आले. नंबराच्या शेवटी जे इंग्रजी अक्षर असतं ना, ते अशा चुका पकडण्यासाठीच असतं. अर्जात ते अक्षर गाळू नका.

दुसरं कारण अ‍ॅटॅचमेंट. तुमचं नाव एका युनिटच्या रोलवर, तुम्ही राहता दुसऱ्याबरोबर, तिसऱ्या उंचीवर. एक म्हणतं त्यांनी काढायची ऑर्डर, दुसरं म्हणतं ह्यांनी. माझं स्वतःचं उच्च तुंगता मेडल असंच सुटलं. स्वतः क्लार्क असून! ते मिळवायला मला निवृत्तीनंतर दोन वर्षं आणि पाच पत्रं लागली. त्यातल्या तीन पत्रांना एकच छापील उत्तर आलं, तेही माझ्या आडनावाची वाट लावून.

शीट रोलची प्रत कशी मागायची?

साधं पत्र लिहून मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याखाली भूदल येतं. आसाम रायफल्स, बीएसएफ, सीआरपीएफ यांना त्यात मोठी सूट आहे, तुम्हाला ती अडचण नाही. फी १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये. पोस्टल ऑर्डर लावून पाठवा किंवा केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून नातवाकडून भरून घ्या. मजकूर ५०० शब्दांच्या आत.

अर्जात 'मला मेडल का दिलं नाही' असं विचारू नका. 'का'ला उत्तर देण्याचं त्यांच्यावर बंधन नाही. कागद मागा. माझ्या शीट रोलची प्रमाणित प्रत द्या. माझ्या नावे निघालेल्या मेडलविषयीच्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती द्या. मेडल पाठवलं असल्यास कधी, कुठे आणि कोणत्या पत्राने पाठवलं त्याची प्रत द्या. तिसरी ओळ महत्त्वाची. कित्येकदा मेडल तुमच्या शेवटच्या युनिटला गेलेलं असतं, युनिट हललेलं असतं आणि पाकीट परत फिरलेलं असतं.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. बहुतेकांचं काम पहिल्या अपिलाच्या आत होतं.

माझं रेकॉर्ड ऑफिस कुठलं?

तुमच्या रेजिमेंट किंवा कोअरचं जिथे आहे तिथलं. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) आणि डिस्चार्ज बुकावर लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या लोकांची जास्त करून ही: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातलं सागर, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्प, चिलखती दलाचं अहिल्यानगर, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकी, गार्ड्सचं कामठी, सिग्नल्सचं जबलपूर, ईएमई आणि ऑर्डनन्सचं सिकंदराबाद, मेडिकलचं लखनऊ.

लोक विचारतात, जाऊन येऊ का? करमाळ्याचा माणूस अहिल्यानगरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो, खडकीसाठी पुण्यापर्यंत हुतात्मा एक्स्प्रेस आहे, सिकंदराबादला तर गाडी सोलापुरावरूनच जाते. तरी पहिल्यांदा जाऊ नका. आधी पत्र जाऊ द्या, त्याचा डायरी नंबर, म्हणजे आवक नोंदीचा क्रमांक, येऊ द्या, मग तो नंबर घेऊन जा. नंबर नसलेल्या माणसाला गेटवरून आत सोडतात, चहा देतात, 'साहेब, अर्ज पाठवा' म्हणतात आणि निरोप देतात.

अर्ज कसा लिहायचा? मराठीत चालेल का?

बेळगावला कदाचित चालेल. जबलपूरला नाही. हिंदी किंवा इंग्रजीत लिहा. पत्ता 'चीफ रेकॉर्ड ऑफिसर' यांच्या नावे.

एका सुभेदार काकांचा अर्ज माझ्याकडे आला होता, चार पानांचा. पहिल्या पानावर १९७१ ची थंडी, दुसऱ्यावर कंपनी कमांडरचं कौतुक, तिसऱ्यावर देशाची सद्यस्थिती. मेडलचं नाव चौथ्या पानाच्या तळाशी, आर्मी नंबर कुठेच नाही. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण रेकॉर्ड ऑफिसातला मुलगा दिवसाला साठ कागद उघडतो. आम्ही तो अर्ज असा केला:

'विषय: संग्राम मेडलची नोंद व मेडल मिळण्याबाबत. मी, आर्मी नंबर अमुक, रँक सुभेदार, नाव अमुक, दिनांक अमुक रोजी सेवेतून निवृत्त झालो. दिनांक ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात मी अमुक युनिटबरोबर पंजाबमध्ये तैनात होतो. सदर मेडलची नोंद माझ्या डिस्चार्ज बुकात नाही. कृपया माझी शीट रोल तपासून, नोंद असल्यास मेडल पाठवावे. नोंद नसल्यास पार्ट टू ऑर्डर काढून शीट रोल दुरुस्त करावी आणि तसे मला कळवावे.'

खाली सही, पत्ता, मोबाइल. सोबत डिस्चार्ज बुकाची सगळी पानं, पीपीओ आणि ओळखपत्राच्या साक्षांकित झेरॉक्स. मूळ पुस्तक कधीही, कुणालाही, कितीही मागितलं तरी पाठवायचं नाही. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचणीने लावून ठेवा.

एका अर्जात एकाच प्रकारची मागणी. मेडलच्या अर्जात पेन्शनची तक्रार घुसवली की अर्ज दोन टेबलांच्या मध्ये अडकतो आणि दोन्ही टेबलं तो दुसऱ्याचा समजतात.

मी तिथे होतो याला पुरावा काय द्यायचा? पन्नास वर्षांपूर्वीचं कोण ठेवतं?

बायका ठेवतात. घरातली जुनी ट्रंक उघडा. सुट्टीचं सर्टिफिकेट सापडलं तर त्यावर युनिट आणि तारीख असते. जुन्या पे बुकात किंवा पगाराच्या चिठ्ठीवर उंचीवरचा किंवा फील्डचा भत्ता दिसला तर सोनंच, कारण सरकारने भत्ता दिला म्हणजे तुम्ही तिथे होता हे सरकारनेच मान्य केलेलं आहे. हॉस्पिटलचा डिस्चार्ज स्लिप, कोर्सचं सर्टिफिकेट, मूव्हमेंट ऑर्डर, जुनी पाकिटं. पाकिटावर मात्र पोस्टिंगच्या गावाऐवजी '५६ एपीओ' हा सैन्याच्या टपालघराचा पत्ता असतो, त्याने युनिट कळतं, जागा कळत नाही.

त्याच युनिटमधल्या, तेच मेडल मिळालेल्या दोन साथीदारांची प्रतिज्ञापत्रं जोडता आली तर जोडा. एकटं प्रतिज्ञापत्र पुरेल असं नाही, पण कागदाला वजन येतं. साथीदाराचा आर्मी नंबर त्यात हवाच, म्हणजे त्याची नोंद उघडून तुमच्याशी ताडता येते.

माझ्या नावात फरक आहे. तेच कारण असेल का?

असू शकतं, आणि आपल्या लोकांत हे फार आहे. आपण आधी स्वतःचं नाव लिहितो, मग वडिलांचं, मग आडनाव. भरतीच्या वेळी कुणी आडनाव आधी घेतलं, कुणी आडनाव घेतलंच नाही. त्यातून आपला 'ळ'. काळे, कांबळे, माळी, कोळी हे सगळे हिंदी पट्ट्यातल्या क्लार्कच्या हातून काले, कांबले, माली, कोली झाले. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या कानडी आडनावांचं काय झालं ते तर विचारूच नका. एका पार्ट टू ऑर्डरमध्ये एक स्पेलिंग, दुसरीत दुसरं, म्हणून चढवणाऱ्याने बाजूला ठेवली.

उपाय असा: मेडलचा अर्ज शीट रोलवर जसं नाव आहे तसंच लिहून करा, तुमच्या डोळ्यांना कितीही खुपलं तरी. नावाची दुरुस्ती हा वेगळा अर्ज. त्याला शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि प्रतिज्ञापत्र लागतं. दोन्ही एकदम केलं की मेडल नावासाठी थांबून राहतं.

मी पेन्शनीपूर्वीच घरी आलो. माझं रेकॉर्ड जाळून टाकलंय म्हणतात. खरं आहे का?

दुर्दैवाने असू शकतं. पेन्शन नसलेल्यांचे सेवेचे कागद ठरावीक मुदतीनंतर, साधारण पंचवीस वर्षांनी, नियमानुसार नष्ट करतात. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही, पण १९७५ साली सात वर्षं करून आलेल्या माणसाला हे ऐकवताना माझा आवाज खाली जातो. जाड नोंदवहीतली चार ओळींची नोंद बऱ्याचदा मागे ठेवलेली असते. ती तरी मागा.

अशा वेळी तुमच्याकडचं डिस्चार्ज बुक हाच एकमेव दस्तऐवज. त्यात मेडलचं नाव असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. पुस्तक वाळवीने खाल्लं असेल तर उरलेल्या पानांच्या आजच रंगीत झेरॉक्स काढा. फोटोही मोबाइलमध्ये ठेवा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय काय करतं?

मेडल देत नाही आणि नोंद दुरुस्त करत नाही. पण अर्ज तपासून देतं, झेरॉक्स साक्षांकित करतं, आपल्या पत्रासोबत अर्ज पुढे पाठवतं. त्यांच्या शिक्क्याने गेलेल्या पत्राचं उत्तर त्यांनाही द्यावं लागतं, हा मोठा फायदा. अकराही तालुक्यांतल्यांना हेच कार्यालय. सांगोला, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांनी निघण्याआधी फोन करून साहेब आहेत का विचारा. बैठकीच्या दिवशी आलात तर हेलपाटा.

सहा महिने झाले, उत्तरच नाही.

आठवणीचं पत्र पाठवा, जुन्या पत्राची तारीख आणि स्पीड पोस्टचा नंबर घालून. सोबत केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. दिल्लीत भूदलाचं माजी सैनिकांसाठी वेगळं संचालनालय आहे, तिकडेही प्रत जाऊ द्या.

तरीही दाद लागली नाही किंवा लेखी नकार आला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने झालेलं. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. आधी विभागाकडे अर्ज केलेला असला पाहिजे. नकार आल्यापासून सहा महिन्यांत जायचं. उत्तरच नसेल तर अर्जानंतर सहा महिने वाट बघून त्यापुढच्या सहा महिन्यांत. उशीर झाला असेल तर कारण सांगून माफ करून घेता येतो. माझं स्पष्ट मत: एका वर्धापन मेडलसाठी मुंबईच्या वाऱ्या करू नका. पण जखमी झाल्याची नोंद, शौर्यपदक किंवा त्यावर टेकलेली अपंगत्वाची पेन्शन असा प्रश्न असेल तर नक्की जा.

उत्तर आलं: 'नोंद आहे, मेडल उपलब्ध नाही.' ही टाळाटाळ आहे का?

नाही, बहुधा खरंच नसतं. मेडल्सचा तुटवडा वर्षानुवर्षं आहे, वर्तमानपत्रांतही येऊन गेलं आहे. म्हणून तर नोकरीतले जवानसुद्धा कॅन्टोन्मेंटच्या बाजारातून नक्कल विकत घेऊन परेडला घालतात. तुमचा हक्क नोंदलेला असेल तर तुम्ही घेतलीत तरी काही चोरी नाही. खरं आणि नक्कल ओळखायची खूण कडेवर असते. सरकारी मेडलच्या कडेवर तुमचा नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. बाजारातलं कडेला गुळगुळीत.

नोंद नसताना बाजारातून घेऊन लावणं मात्र करू नका. जुने लोक बघताक्षणी ओळखतात, तोंडावर बोलत नाहीत एवढंच.

याने पेन्शन वाढते का?

नाही. मोहिमेच्या, जागेच्या आणि वर्धापनाच्या मेडलला पैसा नाही. शौर्यपदकांना आहे, केंद्राकडूनही आणि महाराष्ट्र शासनाकडूनही. जखमी झालेल्यांच्या पराक्रम पदकाचं वेगळं: ती नोंद अपंगत्वाच्या प्रकरणात उपयोगी पडते, म्हणून ती सुटली असेल तर सगळ्यात आधी तिच्यामागे लागा.

वडील वारले. आईच्या नावे मेडल मागता येईल का?

येईल. सेवेच्या नोंदीतल्या वारसाने अर्ज करायचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि कौटुंबिक पेन्शनचा पीपीओ. आई अर्जदार असेल तर बरं, मुलाने केला तर वारसाचे कागद वाढतात. आईचं नाव तिकडे माहेरचं लागलेलं असेल तर आधी ते बघा. लढाईत कामी आलेल्याच्या वारसांना समारंभात त्याची मेडल्स उजव्या छातीवर लावता येतात. डावी बाजू ज्याने कमावली त्याची.

मेडल मिळालं होतं, घर बदलताना हरवलं.

पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून तिची प्रत, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज रेकॉर्ड ऑफिसला. दुसऱ्या प्रतीचे पैसे भरावे लागतात. आधी लेकीच्या घरी विचारा. नातवाने फॅन्सी ड्रेसला नेलेलं असतं.

निवृत्तीनंतर डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, होतो. अर्ज कुठे करू?

मेडलचा हक्क कोणत्या नोकरीत तयार झाला ते बघा. पहिल्या नोकरीतला असेल तर जुन्या रेजिमेंटचं रेकॉर्ड, दुसऱ्या नोकरीतला असेल तर केरळातलं कण्णूर. नंबर दोन, फायली दोन.

एक जण म्हणतो पाच हजार द्या, सगळी मेडल्स आणून देतो.

बाजारातून आणून देईल.

मेडल पोस्टाने आलं. आता काही करायचं राहिलं का?

हो. पाकीट उघडायच्या आधी त्याचा फोटो काढा. मग भिंग घेऊन कडेवरचं नाव आणि नंबर वाचा. चूक असेल तर तेव्हाच कळवा, नंतर नाही. सोबत पार्ट टू ऑर्डरची प्रत आली आहे का बघा. नसेल तर मागून घ्या, आणि ती नोंद डिस्चार्ज बुकात चढवून शिक्का मारून कशी मिळेल ते विचारणारं पत्र त्याच आठवड्यात टाका. माझं मेडल आलं तेव्हा मी आधी सुधारून न घेता सरळ पट्टीवर शिवायला दिलं. शिंप्याने रिबन चढवताना कडेवरचं नाव वाचलं आणि मला हाक मारली, 'साहेब, हे दुसऱ्या कुणाचं आणलंय का?' माझंच होतं. फक्त ळ नव्हता.